ओली बाळंतीण

केज तालुक्यातल्या एका गावात बारसं होतं. पहिली खेप, म्हणून बाळंतपण माहेरी. ओसरीवर सतरंज्या पडलेल्या, परातीत हरभऱ्याच्या घुगऱ्या, पाळण्याच्या दोऱ्यांना झेंडूची फुलं, आणि आतल्या खोलीतून ओवा-शेपाच्या धुरीचा वास. सासरची माणसं जीप करून बाळंतविडा घेऊन आली होती. लेकरू रडायला लागलं तशी बाळंतिणीची आई उठली, कोनाड्यातली बाटली घेतली आणि विहिणीकडं न बघताच म्हणाली, "काय करावं विहीणबाई, हिला दूधच येईना. वरचं लावलंय." विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात तर कुणाला असं झालं न्हाई." एवढंच बोलणं झालं आणि बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. त्या गडबडीत बाळंतिणीनं सरकलेला पदर ओढून घेतला. तिच्या नव्या पोलक्यावर दोन्ही बाजूंना ओले डाग होते आणि लेकराच्या रडण्यासरशी ते पसरत चालले होते. ती बाटलीकडं बघत होती. रडत नव्हती, हसतही नव्हती. पाळणा दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललाय असा तिचा चेहरा होता.

दूध होतं.

जिला दूधच येत नाही असं चारचौघांत सांगितलं गेलं, तिला लेकराच्या रडण्यानं पान्हा फुटला होता. बाळंतिणीच्या खोल्यांत ज्यांचा वावर असतो त्यांना हे नवं नाही. दूध अंगात तयार होणं, ते बाहेर येणं आणि बाळाला ते ओढता येणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. "दूध येईना" म्हणताना आपण तिन्ही एकाच गाठीत बांधतो. गाठ बहुतेक वेळा तिसरीत असते, दोष मात्र पहिलीला लागतो. म्हणजे बाईच्या अंगाला.

पहिले दोन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, एका वेळी चमचाभर. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका खेपेला 5 ते 7 मिलीच मावतं, तेव्हा चमचाभर म्हणजे पोटभर. भरपूर दूध उतरतं ते साधारण 48 ते 72 तासांनी, कारण वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि मगच प्रोलॅक्टिन या दूध बनवणाऱ्या संप्रेरकाला मोकळीक मिळते. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, मधुमेह असेल, खूप रक्त गेलं असेल, तर हाच मुहूर्त चौथ्या-पाचव्या दिवसावर जातो. घरच्यांचा धीर सुटतो तो नेमका याच मधल्या वेळात. लेकरू रात्रभर किरकिर करतं, कुणीतरी मेडिकलमधून डबा आणतं, बाटली पाजली की लेकरू तीन-चार तास गाढ झोपतं. सगळ्यांना हायसं वाटतं. तिकडं छाती रिकामी होत नाही. साठलेल्या दुधातलाच एक घटक दूध बनवणाऱ्या पेशींना थांबायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच कमी बनतं. डबा आणताना जे खोटं होतं ते आठवड्याभरात खरं होतं.

त्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. बोंडाभोवतीचा काळा भाग ताणला जातो, लेकराचं तोंड घसरतं आणि त्याच्या हिरड्यांत नुसतं बोंड सापडतं. चिरा पडतात, दर खेपेला डोळ्यांत पाणी येतं, आणि दुखण्याच्या नुसत्या धास्तीनं पान्हा अडतो. यावरचा उपाय साधा आहे, पण कुणीतरी शेजारी बसून दाखवावा लागतो. आधी अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवून छातीच्या पिंजऱ्याकडं मागं दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडं आणायची, सोडायचं. दहा-वीस वेळा केलं की थोडं दूध निघून तो भाग मऊ होतो. मग बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायचं, त्याचं नाक बोंडासमोर आणायचं, आणि वाट बघायची. जांभईएवढं तोंड उघडलं की लेकराला छातीकडं आणायचं. छाती लेकराकडं वाकवायची नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, काळा भाग वरून जास्त दिसणारा आणि खालून कमी. घोट गिळल्याचा आवाज यायला हवा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर सहन करत बसू नये. स्वच्छ करंगळी लेकराच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा सोडायची, तोंड सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. पाच वेळा लावावं लागलं तरी लावायचं. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून, नाहीतर काखेखाली लेकरू धरून.

आता मनाचं. वार पडल्यावर जे संप्रेरक उतरतं त्याच्यासोबत मनाचा तोलही हलतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास निम्म्याहून जास्त बाळंतिणींना उगाच रडू येतं, चिडचिड होते, क्षणात हसू आणि क्षणात हुंदका. हे दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळतं. औषध लागत नाही, झोप आणि माणूस लागतं. म्हणजे छाती दगड होण्याचा दिवस आणि मन भरून येण्याचा दिवस एकच. आणि हे निवळण्याची मुदत कधी संपते? बारशाच्या सुमाराला. बाराव्या-चौदाव्या दिवसानंतरही डोळ्यांतलं मळभ हटलं नसेल, किंवा बाई रडायचीही थांबून नुसती गप्प झाली असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. आपल्याकडं नेमकं त्याच दिवशी सगळं गणगोत त्या खोलीत येतं, बाळंतिणीकडं बघतं, आणि विचारतं ते दुधाचं.

"दूध पुरतंय का?" हा प्रश्न सगळे विचारतात. तो मायेनंच विचारलेला असतो. पण बाळंतिणीच्या बाजूनं पाहिलं तर तिला तक्रार करायला मुभा असलेलं ते एकमेव ठिकाण आहे. "मला काहीच करू वाटंना", "लेकरू जवळ घ्यावंच वाटंना" असं ती म्हणाली तर उत्तरं ठरलेली असतात: वात झाला असेल, बाहेरचं लागलं असेल, सोन्यासारखं लेकरू झालंय अन् असं बोलतीस? "दूध येईना" म्हटलं की मात्र हळिवाची खीर येते, शतावरी येते, कुणी डोक्यावरून हात फिरवतं. म्हणून मनातलं दुखणं दुधाच्या वाटेनं बाहेर येतं. ते वाक्य खोटं नसतं. तिला खरंच वाटत असतं की आपल्यात काही नाही, आपण द्यायला कमी पडतोय. हेही नैराश्याचंच एक लक्षण.

आपल्या देशातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. पाचातली एक, किंवा थोडं जास्तच. त्याआधी 2002 साली गोव्यातल्या मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हाही आकडा 23 टक्के होता, आणि कारणांच्या यादीत गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं ही तिन्ही होती. गोव्याची नोंद आहे, पण आपल्या बाजेजवळ बसून लिहिल्यासारखी वाटते. दूध आणि मन यांच्या नात्याबद्दल सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारं काम ब्रिटनमधलं आहे. ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे 14,000 बाळंतपणांची माहिती वापरून 2015 मध्ये जे मांडलं गेलं ते असं: गरोदरपणी मन ठीक असलेल्या बायकांत, अंगावर पाजायचं ठरवून ज्यांना पाजता आलं त्यांना नैराश्याचा धोका सगळ्यांत कमी, आणि ठरवूनही ज्यांना जमलं नाही त्यांना सगळ्यांत जास्त. दूध पाजल्यानं मन सावरतं हे भिंतीवरच्या पोस्टरमधलं अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं पोस्टरवर नसतं: जिला पाजायचं होतं आणि मदत मिळाली नाही, तिला तेच दूध मोडून टाकतं. मराठवाड्यात अंगावर पाजायचं न ठरवलेली आई जवळपास नसतेच. म्हणजे आपल्याकडं जमलं नाही तर मोडणाऱ्याच जास्त.

उलट्या बाजूनंही गाठ बसते. मन खचलं की झोप तुटते, लेकराचे इशारे वाचता येत नाहीत. ते मुठी चोखतं, मान वळवून तोंडानं शोधतं, तेव्हाच घ्यायचं असतं. रडायला लागलेलं लेकरू नीट धरत नाही. गळून गेलेल्या आईच्या लक्षात ते रडल्यावरच येतं, मग ते छाती झिडकारतं, आणि तिला वाटतं की लेकराला मीच नको आहे. खेपा कमी होतात, दूध कमी होतं. पहिल्या महिन्यात दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं लागतं. पाच-सहावर आलं की आठवड्याभरात फरक दिसतो. याहून अगदी निराळा एक प्रकार आहे, आणि तो ठाऊक नसल्यानं बायका वेड लागल्याच्या भीतीत राहतात: पान्हा फुटायच्या काही सेकंद आधी पोटात खड्डा पडल्यासारखी उदासी दाटते, आणि मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. प्रत्येक पान्ह्याला तेच. बाकीचा दिवस मन स्वच्छ. पान्ह्याच्या वेळी मेंदूतलं डोपामिन हे रसायन एकदम खाली जातं त्याच्याशी याचा संबंध मानला जातो. बाईनं फक्त एवढं ऐकलं की "हे अंगाचं आहे, तुझ्या मायेचं नाही", तरी निम्मं ओझं उतरतं.

दुःखी आईचं दूध लेकराला बाधत नाही.

हे वेगळं सांगावं लागतं, कारण "हिच्या डोळ्यातलं पाणी दुधात उतरतंय" म्हणून लेकरू उचलून नेणारी घरं आहेत. आणि बाळंतिणीची आपली खोली हे दुधारी प्रकरण आहे. सव्वा महिना घरकाम नाही, रोज तेलपाणी, शेक, डिंकाचा लाडू, मायेचा हात. हे सगळं मनाला धरून ठेवणारं आहे आणि ते टिकावं असं मनापासून वाटतं. पण त्याच खोलीची खिडकी बंद असते, कानाला फडकं असतं, दिवस-रात्रीचा फरक पुसला जातो. काही घरांत बाळंतिणीला पाणीही मोजून देतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून दिलं तर डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, गळून जायला होतं; त्यातून दूधही आटतंय असं वाटायला लागतं. तहान लागेल तितकं पाणी द्यावं, पाजायला बसली की तांब्या हाताशी असावा, आणि सकाळचं कोवळं ऊन खोलीत यावं. बाळाला मात्र सहा महिने वेगळं पाणी नको, मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

खचलेल्या बाळंतिणीला एका औषधाइतकी गरज असते ती सलग झोपेची. चार-पाच तास, मध्ये न उठवता. दूध नीट सुरू झाल्यावर हे जमवता येतं. रात्री नऊ-दहाला पाजून झालं की तिनं झोपायचं. तिनं दिवसा पिळून ठेवलेलं दूध मधल्या एका खेपेला आजीनं किंवा बापानं वाटी-चमच्यानं, नाहीतर उकळून घेतलेल्या बोंडल्यानं पाजायचं. बोंडल्याचा झरा आतून घासला जातो की नाही ते बघायचं, वास तिथंच राहतो. पिळलेलं दूध 25 अंशांच्या आसपास चार तास टिकतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये खोली इतकी थंड नसते, तेव्हा ते फ्रिजमध्येच ठेवावं आणि पाजताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी धरून कोमट करावं, थेट गॅसवर नको. सगळ्या रात्रीच्या खेपा मात्र तोडू नयेत. प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं, आणि छाती रात्रभर भरलेली राहिली तर गाठी होऊन ताप येतो. तसा ताप आला, छातीवर लाल तापलेला पट्टा उमटला, तरी पाजणं चालूच ठेवायचं. जोरानं चोळायचं नाही, थंड पाण्याची पट्टी ठेवायची, आणि दिवसभरात उतार नसेल तर दवाखाना.

हे सगळं लिहिताना बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या बायका डोळ्यांसमोर येतात, ज्यांना ना खोली ना सव्वा महिना. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बैलगाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. ओली बाळंतीणही पहाटे फडात उतरते. लेकरू बांधावरच्या झाडाला झोळीत, नाहीतर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीकडं. नऊ-दहा वाजेतो छाती तटतटते, लुगडं भिजतं, आणि बाई उसाच्या आड बसून दूध मातीत पिळते. असं महिनाभर चाललं की दूध खरंच कमी होतं. मग त्यालाही "दूध आटलं" एवढंच म्हणतात. मोळ्या बांधणाऱ्या त्या बाईला काय वाटत होतं हे विचारायला फडात कुणी येत नाही. इथं लेकरू छातीला नीट कसं लावायचं हे सांगून भागत नाही. फडाजवळ सावली, लेकरं सांभाळणारं एक माणूस आणि पाजायला दिलेली दोन विश्रांती, ज्यांचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढं असेल तर दूधही टिकतं. ते द्यायची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यांची आहे, त्या बाईच्या मायेची नाही.

गावात घरी येणारी आशाताई ही यातली मोठी आशा आहे, नावापुरती नव्हे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी तिनं घरी यायचं असतं, वजनकाट्यासह. दूध पुरतंय का याचं उत्तर तिच्या हातात असतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे, पुढं दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढलं पाहिजे. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले. काटा आणि लंगोट बरोबर असतील तर दूध पुरतंय; मग "दूध येईना" हे वाक्य कशाबद्दल आहे, हे शोधायचं. त्यासाठी 1987 मध्ये एडिंबरात तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. एकूण 13 किंवा जास्त झाले तर डॉक्टरांकडं न्यायलाच हवं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला "कधीतरी" असं उत्तर आलं तरी बाकीची बेरीज बघत बसायचं नाही. कागद नसला तरी चालतं. सासू-नणंद बाहेर असताना, लेकराकडं न बघता आईकडं बघून विचारायचं: लेकरू झोपतं तेव्हा तुला झोप येती का? पूर्वी गोड लागायचं ते आता लागतं का? मग गप्प बसायचं. उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते बहुधा दुधापासूनच सुरू होतं.

डॉक्टरांकडं गेल्यावर रक्त तपासून घ्यावं, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड दोन्ही. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतं तेव्हा थकवा, उदासी, केस गळणं आणि दूध कमी होणं हे सगळं एकदम दिसतं आणि सगळं मनावर ढकललं जातं. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल किंवा वारेचा तुकडा आत राहिला असेल तर कधीकधी दूध खरोखरच उतरत नाही, आणि तिथं कितीही हळीव खाऊ घातलं तरी उपयोग नाही. नैराश्याची गोळी सुरू झाली की घरातलं कुणीतरी लगेच पाजणं बंद करतं, किंवा पाजायचं म्हणून गोळी बंद करतं. दोन्ही बहुतेक वेळा अनावश्यक आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा सर्ट्रालिन देतात. दुधातून बाळाकडं जाणारा त्याचा अंश, आईच्या डोसच्या तुलनेत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या 10 टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप खाली असतो. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढा धीर घरानं धरायचा. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. पण बाई दोन-तीन रात्री झोपलीच नाही आणि तरी दमलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, लेकरू बदललंय म्हणते, आवाज ऐकू येतात म्हणते, तर ते नैराश्य नाही. हजारात एक-दोघींना होणारा तो आजार वेगळा, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतला. तेव्हा देवऋषी नको, उद्या नको. त्याच दिवशी मोठा दवाखाना, आणि तोवर तिला आणि लेकराला एकटं सोडायचं नाही.

आणि कधीकधी सगळं करूनही पाजणं आईला संपवत असतं. तेव्हा थांबवणं हाही उपचारच आहे. एकदम तोडलं तर छाती पिकते आणि मन आणखी खाली जातं, म्हणून तीन-चार दिवसांनी एक खेप अशी कमी करत जावं. डब्याचं दूध द्यायचं तर उकळून घेतलेल्या पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या मापानंच. पुरवून वापरायचं म्हणून पाणी वाढवलं की लेकरू वाळत जातं. त्या बाईला कुणी "पाजलं असतंस तर" असं म्हणू नये, कधीच. तिनं काय काय करून पाहिलं ते त्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नसतं.

बारशाची माणसं संध्याकाळी पांगली. ते नवं पोलकं तिच्या आईनंच धुतलं असणार, आधीची धुतली तशीच. वाळलेल्या दुधाचा डाग कापड कडक करतो, त्याला आंबूस वास येतो, नुसत्या पाण्यानं तो निघत नाही, दगडावर दोनदा घासावं लागतं. बारा दिवस रोज ते डाग घासणाऱ्या बाईनं विहिणीला सांगितलं होतं, हिला दूधच येईना. तिच्या हातांना सगळं माहीत होतं. तो डाग कशाचा आहे हे तिला कुणी म्हणालं नव्हतं, आणि आत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या तिच्या लेकीला कुणी विचारलं नव्हतं, रात्री डोळा लागला का गं.